मॉडिफाइड गाड्यांचा शो नीट कसा बघावा

नागपुरात मॉडिफाइड गाड्यांचा शो लागला की पोरं घोळक्याने जातात, सायलेन्सरचे फटाके ऐकतात, बॉनेटजवळ सेल्फी काढतात आणि तासाभरात घरी. मला याचं वाईट वाटतं. एकेका गाडीत मालकाची दोन-तीन वर्षं गेलेली असतात, आणि ती दिसायला थोडं वाकावं लागतं.

दहाच्या आत पोचा. तेव्हा मालक गाडी पुसत असतात, बोलायला मोकळे असतात. शो कस्तुरचंद पार्कच्या बाजूला असेल तर मेट्रोने जा. ऑरेंज लाइनचं स्टेशन तिथेच आहे, ॲक्वा लाइनवाल्यांनी सीताबर्डीला गाडी बदलायची. तर्री पोहे आधीच खाऊन, हात साबणाने धुवून आत शिरा. पाठीवरची बॅग पोटाशी घ्या, तिच्या चेनने रंगावर ओरखडा उठतो.

आधी न थांबता पूर्ण मैदान फिरा. मग तीन-चार गाड्या निवडा आणि त्यांनाच वेळ द्या.

सुरुवात रंगापासून. दाराशी तिरकं उभं राहून समोरच्या झाडाचं प्रतिबिंब बघा. फांदी सरळ दिसली तर काम उत्तम. बारीक खडबड दिसली तर तिला रंगकाम करणारे ‘ऑरेंज पील’ म्हणतात. संत्र्याची साल कशी असते ते नागपूरकराला वेगळं सांगायला नको. रंग सपाट पसरायच्या आधीच सुकला की असं होतं. मेहनती कारागीर २००० नंबरच्या वॉटर पेपरने, म्हणजे पाणी लावून घासायच्या बारीक कागदाने, ते घासून काढतो, मग पॉलिश मारतो. बॉनेट आणि फेंडर, म्हणजे पुढच्या चाकावरचा पत्रा, यांमधली फटही बघा, वरपासून खालपर्यंत सारखी हवी.

मग चाकापाशी बसा. उंची कमी करून खाली बसवलेल्या गाडीचा टायर आतल्या कडेनेच झिजला असेल, तर चाकाचा कल बिघडलेला असू शकतो.

बॉनेट उघडं असेल तर आधी वायरिंग. स्लीव्हमध्ये नीट बांधलेल्या वायरी मला चकचकीत पाइपांपेक्षा जास्त काही सांगतात. टर्बो असेल तर पुढच्या बंपरमागे रेडिएटरसारखा इंटरकूलर शोधा. एक्झॉस्टच्या धुरावर फिरणारा टर्बो हवा दाबून इंजिनात भरतो. दाबलेली हवा तापते, तापली की विरळ होते, म्हणून तिला वाटेत थंड करावं लागतं.

म्हणूनच नागपुरात विचारायचा प्रश्न एकच: “दादा, मे महिन्यात टेम्परेचर कुठवर जातं?” एका जुन्या होंडा सिटी व्हीटेकच्या, म्हणजे १०६ हॉर्सपॉवरच्या १.५ लिटरवाल्या गाडीच्या मालकाला मी हेच विचारलं. “इकडे ये, इथून पाह्य,” म्हणत त्यांनी डॅशबोर्डातून वही काढली. तारीख, दुपारची वेळ, पारा, ट्रॅफिकमध्ये किती मिनिटं थांबलो, सगळं पेन्सिलीने लिहिलेलं. रेडिएटरचा पंखा त्यांनी दोनदा बदलला होता. अर्धा तास कसा गेला कळलं नाही.

“खर्च किती आला?” हे पहिल्याच वाक्यात विचारू नका. थंड इंजिन रेस करायलाही सांगू नका. ऑइल घट्ट असतं, सगळीकडे पोचायला वेळ लागतो आणि बेअरिंग झिजतात. फोटो काढताना फोन हेडलाइटच्या उंचीवर धरा, आणि फोटो कुठे टाकणार असाल तर नंबर प्लेट झाका.

बघून स्वतःच्या गाडीत बदल करावासा वाटेल. आधी मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ५२ वाचा. कंपनीच्या मूळ रचनेशी विसंगत बदल करता येत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये स्पष्ट केलं आहे. कशाला परवानगी मिळते ते आरटीओत विचारा, मगच गॅरेज गाठा.

संध्याकाळी लगेच निघू नका, गेटपाशी थांबा. खाली बसवलेली गाडी स्पीडब्रेकरवर येते, मालक ती तिरपी घेतो, मित्र जमिनीशी वाकून बंपरखालची फट बघत हाताने “येऊ दे, येऊ दे” करतो, आणि चाकं एकेक करून पलीकडे उतरतात.