डेकला आधी नाव विचारा

लातुरात लग्नाच्या शूटिंगमधून मी या धंद्यात आलो. पुढं जुन्या बीटाकॅम टेपा (सोनीच्या व्यावसायिक व्हिडिओ कॅसेट) हार्डडिस्कवर उतरवायचं काम मिळालं. दिवसभर प्ले आणि रिवाइंड कोण दाबत बसणार? म्हणून सोनीचा डेक, म्हणजे या टेपा चालवायचं यंत्र, कॉम्प्युटरच्या सिरियल पोर्टवरून आज्ञा पाठवून चालवायचं ठरवलं. तीन दिवस डेक ढिम्म.

दोन्हीकडं ९ पिनचंच सॉकेट, म्हणून मी साधी केबल लावली होती. पण माझा कॉम्प्युटर आरएस-२३२ बोलतो आणि डेक आरएस-४२२; तारेवरून सिग्नल पाठवायच्या या दोन वेगळ्या पद्धती. ४२२ मध्ये प्रत्येक दिशेला तारांची जोडी असते आणि दोन तारांमधला फरक वाचला जातो, म्हणून लांब केबलवरही गडबड कमी. मध्ये कन्व्हर्टर लागतोच. तो आणला, तरी तेच! जोडीतल्या दोन तारांना ए आणि बी म्हणतात; कन्व्हर्टरवर लिहिलेले ए-बी आणि डेकचे ए-बी उलटे निघाले. असं सर्रास होतं, तेव्हा तारा अदलाबदल करून बघायला लाजू नका.

मग सेटिंग. वेग सेकंदाला ३८४०० बिट, ८ डेटा बिट, १ स्टॉप बिट आणि पॅरिटी (चूक पकडायचा जादा बिट) ऑड. सिरियल पोर्टवरून आज्ञा पाठवायच्या बहुतेक टर्मिनल प्रोग्राममध्ये पॅरिटी मुळात 'नन' असते, आणि माझा एक अख्खा दिवस तिनंच खाल्ला.

एवढं करूनही मी सारखा प्लेच पाठवत होतो. आमच्याकडं डेक दुरुस्त करणारे एक काका यायचे. ते म्हणाले, "अरे लेका, पळ म्हणायच्या आधी त्याला इचार तरी, तू कोण हायीस म्हणून!" तो प्रश्न म्हणजे ०० ११ ११. शेवटचा आकडा चेकसम, म्हणजे आधीच्या सगळ्या बाइटची बेरीज, हेक्समध्ये. उत्तर १२ ११ नं सुरू झालं, मागून मॉडेलचे दोन बाइट आले. केबल, वेग, पॅरिटी सगळं एका फटक्यात तपासून झालं, आणि टेपला धक्कासुद्धा नाही. मग प्ले पाठवला: २० ०१ २१. डेकनं १० ०१ ११ म्हणून होकार दिला, पण टेप हलेना. काकांनी न बोलता डेकच्या तोंडावरचं लोकल-रिमोटचं बटण रिमोटवर केलं.

टाइमकोडनंही, म्हणजे टेपवरच्या प्रत्येक फ्रेमच्या वेळेच्या नोंदीनंही, एकदा फसवलं. डेक आधी फ्रेम पाठवतो, मग सेकंद, मिनिटं, शेवटी तास. मी तेच चार आकडे डावीकडून वाचले, तर टेप सुरू व्हायची १० तासांवर आणि माझ्या पडद्यावर १० फ्रेम! पाल (आपल्याकडची टीव्ही पद्धत) टेपला सेकंदाला २५ फ्रेम असतात, त्यामुळे डावीकडचा आकडा २४ पर्यंत जाऊन शून्यावर येत असेल तर तुम्हीही उलटंच वाचताय.

टेपवर टाइमकोड दोन तऱ्हेचा असतो, व्हीआयटीसी आणि एलटीसी. टेप थांबवून टाइमकोड विचाराल तर व्हीआयटीसी विचारा. तो चित्राच्या सिग्नलमध्येच लिहिलेला असतो, थांबलेल्या फ्रेममध्येही वाचता येतो. एलटीसीला टेप फिरतीच लागते.