मध्य की मध्यक? मुलांनाच भांडू द्या

सांख्यिकीचा धडा सूत्राने सुरू करू नका. घरून शाळेत यायला किती मिनिटं लागतात, ते मुलांनाच फळ्यावर लिहू द्या. समजा सात जणांचे आकडे आले: 5, 8, 10, 10, 12, 15 आणि लांबच्या पाड्यावरून एसटीने येणाऱ्या मुलीचे 80. बेरीज 140, मध्य (म्हणजे सरासरी, 140 भागिले 7) 20. आता विचारा, "वीस मिनिटं लागणारं इथे आहे कोण?" कुणीच नाही! सहा जण तर त्याच्या आतच पोचतात. मध्यक (चढत्या क्रमात लावल्यावर बरोबर मधला आकडा) 10 काढला की वर्गाचं चित्र बरंच जुळतं, पण ती मुलगी त्यात दिसेनाशी होते. मग शाळेची घंटा कधी द्यायची हे ठरवताना कुठला आकडा धरायचा? गोंधळ होईल, होऊ द्या. सूत्र दुसऱ्या दिवशी.