गिअर कधी पडतो, कधी पडंना? गॅरेजला जायच्या आधी हे बघा

गाडी रोज त्रास देत असली तर मिस्त्री पाच मिनिटात सांगतो काय झालंय ते, पण कधीतरीच देणारी गाडी म्हणजे लई डोक्याला ताप. माझं तसंच झालं, कोल्हापुरात ताराराणी चौकात सिग्नलला उभं राहिलं की पहिला पडायचाच नाही, मागचे हॉर्न मारून मारून जीव काढायचे, आणि गॅरेजमध्ये नेली की सगळे गिअर लोण्यासारखे. एकजण म्हणाला क्लच प्लेट गेली, दुसरा म्हणाला गिअरबॉक्सच उतरवायला लागतोय, आणि दोघांनीपण गाडी धड गल्लीच्या बाहेर नेली नव्हती.

तर पहिलं काम पाना उचलायचं नाही, मोबाईलमध्ये लिहून ठेवायचं. गिअर अडला तेव्हा इंजिन गार होतं का गरम, कुठला गिअर, चढ होता का सपाट, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे क्लच किती वेळ दाबून धरलेला. आठवडाभर लिहा, निम्मं उत्तर त्यातच सापडतं. आणि हो, त्याआधी ड्रायव्हरच्या पायाखालचं मॅट बघा, हसू नका, जाड मॅट पुढं सरकून पेडलखाली गेलं की क्लच पूर्ण दबत नाही आणि मागं ओढलं की परत सगळं ओके.

आता खरी टेस्ट. सपाट जागेवर हॅन्डब्रेक लावून, इंजिन बंद ठेवून, क्लच दाबून सगळे गिअर टाकून बघा, मग इंजिन चालू करून तेच करा. बंद असताना मऊ पडतात आणि चालू केल्यावर अडतात, तर दोष बहुतेक क्लचचा, म्हणजे पेडल दाबूनपण तो इंजिनपासून पूर्ण सुटत नाही. बंद असतानापण अडत असले तर आधी लिव्हर, गिअर केबल आणि तिच्या टोकाचे बुश, म्हणजे जोडातल्या छोट्या कड्या, बघायला सांगा. बुश झिजला की लिव्हर न्यूट्रलला लईच इकडंतिकडं हलतो आणि पहिल्याच्या जागी तिसरा लागतो. बुश त्यामानानं स्वस्तातली वस्तू, उगाच गिअरबॉक्सच्या नावानं पैसे घालवू नका.

क्लच सुटत नाही असा संशय असला तर मागंपुढं मोकळी जागा बघून इंजिन चालू ठेवून क्लच दाबा, तीन-चार सेकंद थांबा आणि रिव्हर्स टाका. बऱ्याच गाड्यांत रिव्हर्सला सिंक्रो, म्हणजे गिअर आवाज न करता बसवणारी रिंग, नसतो, त्यामुळं कर्र आवाज आला की समजायचं क्लच गिअरबॉक्सला आतून अजून फिरवतोय. मग पेडल दोन-तीनदा भराभर मारून परत टाका. आता गपकन पडला तर हायड्रॉलिकमध्ये, म्हणजे क्लच दाबणाऱ्या तेलाच्या लाईनीत, हवा शिरलीय नाहीतर क्लच सिलिंडरचं सील गेलंय. हे हायड्रॉलिक क्लचवाल्यांसाठी, जुन्या मारुती ८०० किंवा अल्टोसारख्या केबलवाल्या गाडीत केबलचं ॲडजस्टमेंट आणि तिचे तुटत आलेले तार बघायचे.

माझ्या मोबाईलमधल्या नोंदींत एकच गोष्ट परत परत येत होती, क्लच लांब दाबून धरला की त्रास. म्हणून पहिल्यात टाकून क्लच पूर्ण दाबून धरला, दुसरा पाय ब्रेकवर तयार ठेवला, आणि साधारण अर्ध्या मिनिटानं गाडी आपोआप पुढं सरकायला लागली. मास्टर सिलिंडरचं, म्हणजे पेडल दाबलं की तेलाला दाब देणाऱ्या पंपाचं, आतलं सील प्रेशर धरत नव्हतं, तेल आतल्या आतच मागं जात होतं, त्यामुळं बाहेर एक थेंब गळती नाही आणि क्लचच्या तेलाच्या डब्यातली लेव्हल जागच्या जागी. गॅरेजमध्ये कोण अर्धा मिनिट क्लच दाबून बसतंय? तिथं खटाखट गिअर टाकतात, मग दिसणार कसं.

क्लच प्लेट झिजली की सहसा उलटं होतं, गिअर पडतो पण इंजिन बोंबलतं आणि गाडी पळत नाही. त्यामुळं गिअर पडत नाही म्हटल्यावर लगेच प्लेट म्हणणाऱ्याला कारण विचारा.

एकच गिअर कर्र करत असला, समजा फक्त दुसरा, तर सिंक्रो रिंग. डबल क्लच करून बघा, म्हणजे न्यूट्रलला एकदा क्लच सोडायचा, परत दाबून गिअर टाकायचा, खाली उतरवताना मधे थोडा रेस द्यायचा. असं केल्यावर मऊ पडला तर संशय पक्का. वाघबीळच्या चढाला जोर दिल्यावरच गिअर अडतो किंवा सुटून बाहेर येतो, लिव्हरपण झटका खातो, असं असलं तर इंजिन माउंटिंग, म्हणजे इंजिन धरून ठेवणारे रबरी पॅड, बघा.

सकाळी गार असतानाच अडतो आणि चार किलोमीटरनंतर बरा होतो, मग गिअर ऑइल. मॅन्युअलमध्ये लिहिलेला ग्रेडच घाला, जीएल-४ सांगितलं असताना जीएल-५ नको, त्यातली काही ऑइलं पितळी सिंक्रो रिंगला चालत नाहीत. आपल्याकडं २०१९ आणि २०२१ च्या पुरात ज्या गाड्या पाण्यात होत्या त्यातली सेकंडहँड घेतली असली तर थोडं ऑइल काढून रंग बघाच. गरम गिअरबॉक्स गार पाण्यात गेला की ब्रीदरमधून, म्हणजे हवा जायच्या भोकातून, पाणी आत ओढतो, आणि दुधाच्या चहासारखं ऑइल निघालं तर पाणी गेलंय.

माझ्या गाडीला शेवटी उद्यमनगरातल्या एका मिस्त्रीनं नवीन मास्टर सिलिंडर बसवला, नवीन डॉट-४ (ब्रेक-क्लचचं तेल) घालून हवा काढली, गिअरबॉक्सला हातपण लावला नाही. त्या तेलाच्या डब्यात इंजिन ऑइल किंवा दुसरं काही ओतू देऊ नका, रबरी सीलं फुगतात, आणि बऱ्याच गाड्यांत ब्रेकला तोच डबा असतो.