जबड्यातल्या साध्या गाठीचा एमआरआय: कसा काढायचा, कसा वाचायचा

ओपीजीवर (पूर्ण जबड्याच्या एक्स-रेवर) खालच्या जबड्याच्या कोनाशी, अडकलेल्या अक्कलदाढेभोवती काळी पोकळी दिसली, की तीन नावं समोर येतात: डेंटिजेरस सिस्ट, केराटोसिस्ट आणि अमेलोब्लास्टोमा. कर्करोग यातला एकही नाही, पण शस्त्रक्रिया तिन्हींची वेगळी. पहिलीत दाढेसकट पिशवी काढली की काम भागतं, केराटोसिस्ट पुन्हा उगवण्यात पटाईत असते, तर अमेलोब्लास्टोमात बऱ्याचदा भोवतालचं १ ते २ सेंमी निरोगी हाडही काढावं लागतं. हाड कुठवर झिजलंय ते सीबीसीटी (जबड्याचा त्रिमितीय एक्स-रे स्कॅन) सांगतो. आत पाणी आहे, केराटिन (नखांत-केसांत असतं ते प्रथिन) आहे की मांसल गाठ, हे कळायला एमआरआय हवा. ओडोन्टोमा, ऑस्टिओमा अशा कठीण गाठींसाठी त्याचा खर्च रुग्णाला करायला लावू नका.

एमआरआय बायोप्सीच्या आधी काढा. सुई आत गेली की रक्त उतरतं, भिंत सुजते आणि पुढची सगळी चित्रं गढूळ होतात.

कवळी आणि काढता येणारी प्रत्येक तार काढून ठेवायला सांगा. पेसमेकर, कॉक्लियर इम्प्लांट आहे का ते विचारा. खरी डोकेदुखी दात सरळ करायला चिकटवलेल्या स्टेनलेस स्टीलच्या ब्रॅकेटची: ते गाठीच्या बाजूला असतील तर तिथे नुसता काळा खड्डा दिसतो, त्यामुळे ऑर्थोडॉन्टिस्टशी आधीच बोलून घ्या. टायटॅनियमचा त्रास त्या मानाने कमी. रुग्णाला ‘गिळू नका’ एवढंच सांगून भागत नाही. प्रत्येक सिक्वेन्सच्या (चित्रांच्या एका फेरीच्या) आधी एकदा गिळायला लावा आणि मग स्थिर राहायला सांगा.

हेड-नेक कॉइल, ३ मिमी स्लाइस, १६ ते २० सेंमी एफओव्ही (चित्रात येणारा भाग). टी१, टी२, स्टिर (चरबीचा उजेड दाबणारा) आणि डिफ्युजन (पाण्याची हालचाल दाखवणारा) हे सिक्वेन्स झाल्यावर गॅडोलिनियम हे कॉन्ट्रास्टचं औषध शिरेतून द्या: वजनाच्या दर किलोला ०.१ मिलिमोल, म्हणजे ०.५ मिलिमोल प्रति मिलीचं औषध असेल तर ६० किलोच्या माणसाला १२ मिली. ईजीएफआर (मूत्रपिंड किती गाळतं त्याचा आकडा) ३० च्या खाली असेल तर आधी रेडिओलॉजिस्टला विचारा. फॅट (चरबीचा उजेड) दाबलेला टी१ कॉन्ट्रास्टच्या आधी आणि नंतर, अगदी त्याच सेटिंगवर घ्या. केराटिन, दाट प्रथिनं किंवा जुनं रक्त टी१ वर मुळातच उजळ दिसू शकतं. आधीचं चित्र नसेल तर तोच उजेड कॉन्ट्रास्टचा वाटतो. धातूमुळे फॅट ठिगळाठिगळाने दबत असेल तर कॉन्ट्रास्टच्या आधी स्टिर चालतो, नंतर मात्र नाही, कारण तो गॅडोलिनियम शोषलेल्या भागाचाही उजेड मारू शकतो. तिथे डिक्सन ही फॅट दाबण्याची दुसरी पद्धत वापरा.

वाचताना आधी भिंत बघा. डेंटिजेरस सिस्टची भिंत पातळ आणि सारखी, आतला द्रव टी२ वर एकसारखा पांढरा. केराटोसिस्टचीही भिंत पातळच, पण आतला माल दह्यासारखा दाट, म्हणून टी२ वर तो करडा आणि ढगाळ दिसतो. अमेलोब्लास्टोमात भिंत जाड, ओबडधोबड असते, तिच्यातून आत कोंब आलेले असतात आणि कॉन्ट्रास्टनंतर ते ठळक उजळतात. तो कोंब ४ मिमीचाही असू शकतो. स्लाइस जाड ठेवलीत तर निसटतो, आणि रिपोर्टमध्ये ‘सिस्ट’ लिहून मोकळं होण्याची चूक बहुधा इथेच घडते.

तरीही शंका उरली तर एडीसी (पाणी किती मोकळं हलतं याचा डिफ्युजनवरून निघणारा आकडा) मोजा. मोजणीचं वर्तुळ फक्त द्रवावर ठेवा, भिंत आत येऊ देऊ नका. केराटोसिस्टचा आकडा साधारण १ × १०⁻³ चौ. मिमी प्रति सेकंदाच्या आसपास येतो, अमेलोब्लास्टोमातल्या द्रवाचा बहुधा २ च्या वर. पण पू झालेल्या कुठल्याही सिस्टमध्ये एडीसी खाली येतो आणि भिंतही जाड होऊन उजळते. म्हणून रिपोर्ट लिहिण्याआधी रुग्णाला ठणका, सूज, ताप होता का हे विचाराच.

पातळीपातळीने साचलेले द्रवाचे थर दिसले तर अॅन्युरिझमल बोन सिस्टचा विचार करा. पोकळीत किंवा तिच्या कडेला वेड्यावाकड्या काळ्या नळ्या दिसल्या तर तो वाहत्या रक्ताचा मार्ग असू शकतो. अशा वेळी बायोप्सी आणि दात काढणं दोन्ही थांबवा, आणि शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांना रिपोर्टची वाट न बघायला लावता फोनवरच कळवा.