बेटावर जाताना सकाळचीच बोट घ्या

बेटाची अर्ध्या दिवसाची सफर असेल, तर सकाळचीच फेरी निवडा. ऊन चढून जमीन तापली की समुद्रावरून वारा सुटतो आणि दुपारी बोट लाटांवर चांगलीच आपटते. बोट लागत असेल तर गोळी डॉक्टरांना विचारून निघण्याआधी अर्धा-पाऊण तास घ्या; मळमळ सुरू झाल्यावर तिचा फारसा उपयोग होत नाही. बसायचं मध्यभागी किंवा मागे, नजर क्षितिजावर. पुढच्या टोकाला फोटो छान येतात, पण हेलकावेही तिथेच सर्वांत जास्त! ओहोटीला बोट किनाऱ्यापासून लांबच थांबते. मग गुडघाभर पाण्यातून, धारदार प्रवाळावरून चालावं लागतं. म्हणून मागे पट्टा असलेल्या सँडल हव्यातच. सनस्क्रीन लावताना मान आणि पावलांची वरची बाजू हमखास राहून जाते.