गोल होत नसतील, तर आक्रमणाची चर्चा कशी करावी
आपला फुटबॉल संघ गोल करीत नसेल, तर नवी मुंबईतील वाशी-नेरुळच्या कट्ट्यावर चर्चा सुरू होताच स्ट्रायकरला, म्हणजे गोल करण्यासाठी सर्वांत पुढे खेळणाऱ्या खेळाडूला, दोष देऊ नये. आधी पेनल्टी क्षेत्रात, म्हणजे गोलसमोरच्या आखलेल्या चौकटीत, त्याच्यापर्यंत किती पास पोहोचले, ते मोजावे. पासच पोहोचत नसतील, तर उणीव मधल्या फळीत शोधावी, आणि पास मिळूनही फटके बाहेर जात असतील, तरच त्याच्या नेमाबद्दल बोलावे. केवळ गोलसंख्येवरून आक्रमण जोखणे मला अन्यायाचे वाटते, कारण नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर २०२२ मध्ये झालेला १७ वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकाचा अंतिम सामना स्पेनने कोलंबियाविरुद्ध १-० असा जिंकला, तोही स्वयंगोलामुळे, म्हणजे प्रतिस्पर्धी खेळाडूकडूनच चेंडू स्वतःच्या जाळ्यात गेल्यामुळे. प्रशिक्षक बदलण्याची मागणी करण्यापूर्वी सलग चार-पाच सामन्यांतील क्रॉस (बाजूने गोलसमोर टाकलेले पास) आणि कॉर्नर (मैदानाच्या कोपऱ्यातून मारलेले फटके) वहीत नोंदवावेत.