घाट चढून स्पर्धेला: घोडा नेताना या चुका टाळा

गोव्यातल्या घोड्याला मोठी स्पर्धा खेळायची तर पुणे, मुंबई नाहीतर बंगळूर गाठावं लागतं. चोर्ल्याने जा, अनमोडने जा की आंबोलीने, घाट काही चुकत नाही. माणूस गाडीत बसून जातो. घोडा मात्र साडेचारशे किलोचं अंग चार पायांवर तोलत उभा असतो, प्रत्येक वळणाला आणि प्रत्येक ब्रेकला. पुण्यात उतरतो तेव्हा तो दिवसभर राबून आलेला असतो, हे आधी ध्यानात घ्यायला हवं.

आखूड दोरी

ही चूक मी स्वतः केली आहे. शेजारच्या घोड्याला चावू नये म्हणून घोडीची दोरी आखूड बांधली आणि पेडण्याहून रात्री निघालो. दुपारी पुण्यात उतरवली, तर तिने आधी मान पार जमिनीपर्यंत खाली घातली आणि किती तरी वेळ तशीच उभी राहिली. नाकातून पातळ पाणी ओघळत होतं. मला वाटलं, थकली असेल. दुसऱ्या दिवशी चंदी, म्हणजे दाण्याचा खुराक, तशीच पडून राहिली, तिसऱ्या दिवशी ताप आला. छातीत संसर्ग झाला होता. स्पर्धा सोडून दिली आणि तिला बरं व्हायला कित्येक आठवडे लागले.

घोडा मान खाली घालून चरणारा प्राणी आहे. मान खाली गेली की श्वासनलिकेतली धूळ आणि कफ आपोआप बाहेर निघतो. तासन्‌तास मान वर राहिली तर तोच कफ जंतूंसकट फुफ्फुसात उतरतो. म्हणून मान छातीच्या खाली नेता येईल इतकी दोरी सैल ठेवा, पण पाय अडकेल इतकी नको. चावणारा घोडा असेल तर मध्ये मजबूत आडोसा घाला. दर तीन-चार तासांनी गाडी थांबवून दोरी सोडा आणि त्याला निवांत मान खाली घालू द्या. मोरखी, म्हणजे दोरी बांधायची तोंडावरची पट्टी, चामड्याची असावी, नायलॉनची अडकली तर तुटत नाही. दोरी थेट कडीला न बांधता सुतळीच्या फासाला बांधा. घोडा पडलाच तर सुतळी तुटते, मान वाचते.

गाडी आणि चालक

1978 च्या प्राणी वाहतूक नियमांत घोड्यांसाठी वेगळ्या तरतुदी आहेत: एका गाडीत चार ते सहाच घोडे, जमीन न घसरणारी, दोन घोड्यांमध्ये किमान 8 सेंटिमीटर जाडीचा बांबू, समोरून येणाऱ्या गाड्यांना बुजू नये म्हणून तोंड डावीकडे, सोबत एक माणूस आणि वेग ताशी 35 किलोमीटरच्या आत. गोवा ते पुणे साधारण 450 किलोमीटर. या वेगाने नुसती चाकं फिरायलाच 13 तास लागतात, थांबे वेगळे. स्पर्धेच्या आदल्या रात्री निघायचा बेत म्हणूनच चुकीचा. निदान दोन दिवस आधी पोचा.

एका चालकाने मला सांगितलं होतं, "दादा, घाटात ब्रेक मारावाच लागतो." मी म्हटलं, "काका, गाडी रिकामी आहे, दहा मिनिटं मागे उभे राहून बघा." काका मागे उभे राहिले आणि दुसऱ्याने गाडी चालवत गावातून एक चक्कर मारली. काका दोन्ही हातांनी बांबू धरूनच उतरले. त्या रात्री चोर्ल्याच्या एकाही वळणावर घोड्याचा पाय सरकला नाही.

गोव्याची हवा, देशावरची थंडी

डिसेंबरात पुण्याला कडाक्याची थंडी म्हणून निघतानाच झूल घालणारे बरेच भेटतात. आपल्याकडे तेव्हाही उकडतं. चोर्ल्याच्या पायथ्याचं केरी गाठेपर्यंत घोडा झुलीखाली घामाने निथळतो आणि वर घाटमाथ्यावर तीच ओली झूल गार पडते. घोडा उघडाच न्या. घाट संपला की थांबून हात फिरवा, अंग कोरडं असेल आणि गारवा लागत असेल तरच झूल घाला. ताडपत्री चारही बाजूंनी आवळू नका. मुताचा उग्र वास आत कोंडला की नाकाघशाची आग होते.

घोडा पाणीच पीत नाही

मोठ्या घोड्याला दिवसाला 25 ते 40 लिटर पाणी लागतं, आणि घरच्या विहिरीची सवय असलेला घोडा वाटेतल्या क्लोरीनच्या पाण्याला तोंड लावत नाही. निघण्याच्या आठवडाभर आधीपासून बादलीत गुळाचा छोटा खडा विरघळवा. वाटेतही तोच गूळ घाला, चव ओळखीची लागते. दोन कॅन घरचं पाणीही बरोबर असू द्या. मानेची कातडी चिमटीत धरून सोडा. झटकन सपाट झाली नाही तर अंगातलं पाणी कमी झालंय. तहानलेल्या घोड्याला कोरडी चंदी घालणं म्हणजे पोटशूळाला आमंत्रण. प्रवासाच्या दिवशी चंदी निम्म्याहून कमी, गवत मात्र भरपूर, तेही पाणी शिंपडून आणि घरचंच.

गाडीत चढत नाही

चाबूक उगारू नका. उजेडातून अंधाऱ्या गाडीत शिरायला घोडा घाबरतो, आतला दिवा लावा. फळीचा पोकळ आवाज त्याला नको असतो, वर गोणपाट टाका. चिऱ्याच्या बांधाला गाडी मागे लावली की उतार कमी होतो. आठ-दहा दिवस रोज नुसतं चढवून, आतच चारा देऊन उतरवा.

एक क्रम मोतद्दाराकडून, म्हणजे घोडा सांभाळणाऱ्याकडून, पाठ करून घ्या: चढवताना आधी मागचा बांबू लावायचा, मग दोरी बांधायची. उतरवताना आधी दोरी सोडायची, मगच बांबू काढायचा. बांधलेल्या घोड्याला मागे मोकळं दिसलं की तो मागे झेप घेतो, आणि दोरीचा हिसका बसला की बिथरतो.

पशुवैद्यकाचा आरोग्य दाखला, लसीकरणाची नोंद आणि ग्लँडर्स या घोड्यांच्या संसर्गजन्य रोगाच्या तपासणीचा अहवाल एका पिशवीत, चालकाच्या हाताशी ठेवा.

पोचल्यावर अर्धा तास हाताने फिरवा, पाणी द्या आणि तीन दिवस सकाळ-संध्याकाळ ताप मोजून वहीत लिहा. 37.5 ते 38.5 अंश सेल्सिअस ठीक. त्याच्या वर गेला, चंदी उरली किंवा खोकला ऐकू आला, तर स्वारी थांबवा आणि डॉक्टरांना त्याच दिवशी बोलवा. पेटीतलं उरलेलं अँटिबायोटिक स्वतःच्या मनाने टोचू नका.